'ऑल्दो'च्या मागून येणारं 'बट' : माझा अनुभव

कंबाईनचा, म्हणजे एमपीएससीच्या संयुक्त परीक्षेचा अभ्यास करताना इंग्रजी ग्रामरमध्ये मला सगळ्यात जास्त छळलं ते कंजंक्शननी, म्हणजे वाक्यं जोडणाऱ्या शब्दांनी. टेन्स, व्हॉइस जमायचं, पण चूक शोधायच्या प्रश्नात कंजंक्शन आलं की गेलाच तो प्रश्न, वर निगेटिव्हचे पाव मार्क कापले जायचे ते वेगळेच.

फॅनबॉइज, म्हणजे फॉर, अँड, नॉर, बट, ऑर, येट, सो, हे एका दिवसात पाठ झालं, त्यात काही विशेष नाही. खरी मारामारी जोडीने येणाऱ्यांशी. 'ऑल्दो ही वॉज इल, बट ही वेंट टू ऑफिस' हे वाक्य मी तीन टेस्टमध्ये बरोबर म्हणून टिक केलंय. शेवटी अभ्यासिकेतल्या एका सीनियर दादाने वही ओढून घेतली आणि विचारलं, याचं मराठी काय? म्हटलं, जरी तो आजारी होता तरी तो ऑफिसला गेला. तो म्हणाला, मग हा 'तरी'च तू 'बट' करून लिहितोयस ना? आणि खरंच तसंच होतं! आपल्याकडे जर-तर, जरी-तरी, जेव्हा-तेव्हा सगळं जोडीजोडीने चालतं, इंग्रजीत 'ऑल्दो' एकटंच पुरतं. सोबत हवंच असेल तर 'येट' चालतं, 'बट' नाही.

त्या दिवसापासून मी प्रत्येक जोडी आधी मराठीत बोलून बघायला लागलो. 'नो सूनर' आणि 'हार्डली'चा घोळ पण तिथेच सापडला, कारण दोन्हीकडे आपण 'पोचलो नाही तोच' असंच म्हणतो, एकाच 'तोच'मध्ये काम भागतं. इंग्रजीत मात्र सूनर हे सूनचं कंपॅरेटिव्ह, म्हणजे तुलनेचं रूप, म्हणून बेटर दॅन तसं नो सूनर दॅन, आणि हार्डलीला व्हेन. हे कळल्यावर पाठ करावंच लागलं नाही.

'नीदर-नॉर'ला जास्त वेळ गेला. आपण म्हणतो ना सर आले ना मुलं आली, दोघांना आपापलं क्रियापद मिळतं. इंग्रजीत एकच क्रियापद दोघांत, मग ते कुणाचं ऐकणार? जवळच्याचं. नीदर द टीचर नॉर द स्टुडंट्स वेअर प्रेझेंट, आणि उलटं केलं की नीदर द स्टुडंट्स नॉर द टीचर वॉज प्रेझेंट. मी असे जोड्यांनी चाळीसेक वाक्यं उलटीसुलटी करून लिहिली, हाताला वळण लागेपर्यंत.

आणि 'नॉट ओन्ली बट ऑल्सो'. यात शब्द बरोबर असतात, जागा चुकते. ही नॉट ओन्ली लॉस्ट हिज टिकेट बट ऑल्सो हिज बॅग, हे ऐकायला छान वाटतं पण परीक्षेत चूक धरतात, कारण पहिल्या अर्ध्यानंतर क्रियापद आहे, दुसऱ्यानंतर नाम. ही लॉस्ट नॉट ओन्ली हिज टिकेट बट ऑल्सो हिज बॅग असं हवं. मी सरळ पेन्सिलने दोन्हींच्या पुढच्या शब्दाखाली रेघ मारायचो, नाम-नाम, क्रियापद-क्रियापद, जुळलं की पुढे.

मेन्सच्या पेपरला यातले दोन प्रश्न आले आणि दोन्ही बरोबर आले. आता धाकटा भाऊ बारावीला आहे, त्यांना वाक्य बदलून लिहायला हेच सगळं असतं. काल त्याच्या वहीत 'ऑल्दो'च्या मागे 'बट' दिसलं, मी काही सांगितलं नाही, फक्त विचारलं, याचं मराठी काय रे? त्याने मोठ्याने म्हटलं आणि 'तरी'वर येऊन स्वतःच 'बट' खोडलं.