कार्डाआधी स्क्रू

कॉम्प्युटरचं कॅबिनेट उघडताना स्क्रूच तुटला. गंजलेला. रत्नागिरीची खारी हवा, दुसरं काय!

दहा दिवस माझं एकच चाललंय: नवीन ग्राफिक्स कार्ड कोणतं घ्यायचं, आरटीएक्स ३०६० की ४०६०? पहिल्यात १२ जीबी मेमरी, पण ते १७० वॅट खातं. दुसरं ८ जीबीचं, ११५ वॅटवर भागवतं.

दुरुस्तीवाल्या दादांनी कार्डाचं नावही काढलं नाही. पॉवर सप्लायच्या जाळीवरची पांढुरकी खपली नखानं खरवडली नि म्हणाले, "ह्याच्यावर नवीन कार्ड लावतोस? गळक्या कौलाखाली नवा सोफा ठेवशील काय?"

झालं. आधी ५५० वॅटचा सप्लाय. (आईला अजून वाटतंय, नळाच्या पाण्याबद्दल बोलतोय.)

समुद्राजवळ राहणाऱ्यांनो, तुमची कार्डं किती पावसाळे काढतात?