१३२, पण कोणाच्या तुलनेत?

ऑनलाइन बुद्धिमत्ता चाचण्यांचा साचा एव्हाना बहुतेकांच्या परिचयाचा झाला आहे. नऊ चौकटींपैकी आठांत आकृत्या असतात, नववी रिकामी असते आणि तिथे कोणती आकृती बसेल हे खालच्या पर्यायांतून निवडायचे असते. शेवटचा प्रश्न संपला की पडद्यावर एक चक्र फिरू लागते (बेरजेला एवढा वेळ लागत नाही, ते उत्सुकता ताणण्यासाठीच फिरवतात, असा माझा दाट संशय आहे) आणि मग १३२ असा एखादा आकडा झळकतो, किंवा तो पाहण्यासाठी आधी पैसे मागितले जातात.

हा आकडा उंची-वजनासारखा वाटतो, पण तसा तो नाही. विल्यम स्टर्न यांनी १९१२ मध्ये मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागण्याची कल्पना मांडली आणि लुइस टर्मन यांनी १९१६ मध्ये त्या भागाकाराला १०० ने गुणून बुद्ध्यांक रूढ केला. त्यामुळे बारा वर्षांच्या मुलाइतकी उत्तरे देणाऱ्या दहा वर्षांच्या मुलाचा बुद्ध्यांक १२० ठरे. मुलांपुरते हे ठीक होते, परंतु चाळिशीतल्या माणसाचे मानसिक वय पन्नास आहे म्हणण्याला काहीच अर्थ नसतो. म्हणून डेव्हिड वेक्स्लर यांनी १९३९ च्या आपल्या चाचणीत भागाकार सोडून दिला आणि प्रत्येकाची तुलना त्याच्या समवयस्कांशी केली. सरासरी १०० आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत याचे माप) १५ धरले, तर सुमारे ६८ टक्के लोक ८५ ते ११५ या पट्ट्यात येतात आणि १३० च्या पुढे शंभरांत जेमतेम दोघे उरतात. थोडक्यात, बुद्ध्यांक म्हणजे रांगेतली जागा.

मग रांग कोणाची, हा प्रश्न टाळता येत नाही. वेक्स्लर यांच्या प्रौढांसाठीच्या चाचणीची २००८ ची आवृत्ती प्रमाणित करताना अमेरिकेतील २,२०० व्यक्ती वय, लिंग, शिक्षण, वंश आणि प्रदेश पाहून निवडल्या होत्या. आंतरजालावरच्या चाचणीची रांग बहुधा आपणहून तिथे आलेल्यांची असते, आणि काही ठिकाणी रांगच नसते, बरोबर उत्तरांवरून आकडा ठरवून टाकलेला असतो. मोजपट्टीही सर्वत्र एक नसते: कॅटेल यांच्या चाचणीत प्रमाण विचलन २४ असल्याने तिथले १४८ आणि वेक्स्लर यांचे १३० ही एकच जागा आहे. त्यामुळे कोणती पट्टी वापरली हे न सांगता मिरवलेला १४८ ऐकला की मी मनातल्या मनात अठरा वजा करतो.

तज्ज्ञाने समोर बसून घेतलेल्या चाचणीच्या अहवालातही एकटा आकडा नसतो, त्याच्यासोबत दोन्ही बाजूंना काही गुणांचा पट्टा दिलेला असतो. त्याच धाटणीची कोडी पुन्हा सोडवली की सरावानेही गुण वाढतात. त्यातून, केवळ आकृत्यांची कोडी घालणारी चाचणी शब्दज्ञान किंवा कार्यकारी स्मृती (माहिती क्षणभर मनात धरून तिच्यावर काम करण्याची क्षमता) यांना हातच लावत नाही.

आल्फ्रेद बिने यांनी १९०५ मध्ये थिओडोर सिमाँ यांच्यासह पहिली चाचणी रचली, ती पॅरिसच्या शाळांतील कोणत्या मुलांना जादा मदत हवी हे ओळखण्यासाठी. आजही मानसशास्त्रज्ञ चाचणीचा अहवाल वाचताना निरनिराळ्या विभागांतले गुण शेजारी ठेवून पाहतात, आणि त्यांत फार मोठी तफावत आढळली तर एकूण बुद्ध्यांकाला फारसे महत्त्व देत नाहीत.