रविवार आणि एक लटकलेली मुलगी

आज दिवसभर 'डे ऑफ द टेंटॅकल'. लुकासआर्ट्सचा 1993 चा गेम, डबल फाइनने 2016 मध्ये नव्या संगणकांसाठी पुन्हा आणलेला. चित्रं आता गुळगुळीत, पण एक बटण दाबलं की तेच जुने ठोकळे-ठोकळे पिक्सेल! अर्धा तास नुसतं तेच करत बसलो. बायको म्हणाली, "खेळतोयस की दिवे लावतोयस?"

गेममधली एक मुलगी, लव्हर्न, दोनशे वर्षं पुढे, झाडाला लटकलेली. तिचा मित्र होगी दोनशे वर्षं मागे, त्याच झाडापाशी. त्याने कमक्वाटची (छोट्या संत्र्यासारखी) फळं लाल रंगवायची, मग जॉर्ज वॉशिंग्टन (चेरीचं झाड तोडल्याच्या गोष्टीतला, अमेरिकेचा पहिला अध्यक्ष) चेरीचं झाड समजून ते तोडतो आणि ही भविष्यात धपकन खाली! ज्याला हे सुचलं त्याचे पाय धरावेत.

गेममधल्या एका संगणकावर याच्या आधीचा, 1987 चा अख्खा 'मेनिअक मॅन्शन' गेम खेळता येतो. तो सुरू केला आणि इकडे दूध उतू गेलं.