कर्बोदकं कमी करताना कोणती भाजी घ्यावी?

जमिनीखाली वाढणाऱ्या भाज्यांत साधारणपणे पिष्ट जास्त. 100 ग्रॅम बटाट्यात सुमारे 17 ग्रॅम कर्बोदकं, रताळ्यात 20. फ्लॉवरमध्ये 5, दुधी-पालकात 4 च्या आत. मुळा मात्र जमिनीखालचा असूनही बिनधास्त खा. उलट मटार आणि मका वर वाढूनही जड: 14 आणि 19.

खरी गडबड कढईत होते. मेथी, सिमला मिरची निवडायची आणि वर पीठ पेरायचं! 3 मोठे चमचे बेसनात साधारण 10 ग्रॅम कर्बोदकं येतात. अळूच्या पातळ भाजीत तर डाळ, बेसन, गूळ तिन्ही. त्याऐवजी दाण्याचं कूट किंवा ओलं खोबरं घाला, पण मोजून; उष्मांक त्यातही भरपूर. कांदा फोडणीपुरताच.

मधुमेहाची औषधं चालू असतील तर हा बदल आधी डॉक्टरांना सांगा. साखर एकदम उतरू शकते.