डिरेक्टरी धरून ठेवा, मग फाइल बनवा

ऐरोलीला आमच्याकडे नवीन पोरं जॉइन झाली की एसट्रेस (प्रोग्राम लिनक्सच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, कोणते कॉल करतो ते दाखवणारं टूल) चालवून हमखास विचारतात, दादा कोडमध्ये तर फाइल उघडायला साधं ओपन लिहिलंय, इथे सगळीकडे ओपनॲट का दिसतंय? कारण जीलिबसी (लिनक्सवरची नेहमीची सी लायब्ररी) २.२६ पासून ओपन आतून ओपनॲटच मारतं, म्हणजे कुठल्या डिरेक्टरीपासून (फोल्डरपासून) शोधायचं तेही ज्याला सांगता येतं असं ओपन, पहिल्या जागी एटी_एफडीसीडब्ल्यूडी टाकून, म्हणजे आत्ताची डिरेक्टरी धरून चल.

नवी मुंबईत कोणी नुसतं "सेक्टर ८ ला ये" म्हटलं तर तुम्ही विचारणारच ना, कुठला, वाशीचा, नेरुळचा की ऐरोलीचा? रिलेटिव्ह पाथचं, म्हणजे स्लॅशने सुरू न होणाऱ्या फाइलच्या पत्त्याचं, अगदी तसंच. त्यात करंट डिरेक्टरी अख्ख्या प्रोसेसची (चालू प्रोग्रामची) एकच असते, त्यात सोबत चालणाऱ्या कामांपैकी, म्हणजे थ्रेडपैकी, एकाने सीएचडिर करून ती बदलली की बाकीच्या थ्रेडच्या फायली भलतीकडे बनायला लागतात. म्हणून डिरेक्टरी एकदाच ओपन करायची, तिचा एफडी (फाइल डिस्क्रिप्टर, उघडलेल्या गोष्टीसाठी कर्नलने दिलेला नंबर) जपायचा आणि ओपनॲट, मेकडिरॲट (डिरेक्टरी बनवणारा), सिमलिंकॲट (सिमलिंक, म्हणजे दुसऱ्या पाथकडे बोट दाखवणारी फाइल, बनवणारा) सगळ्यांना तोच द्यायचा. लिनक्समध्ये हे २.६.१६ पासून आहे, पोसिक्समध्ये (युनिक्ससारख्या सिस्टिमचं स्टँडर्ड) २००८ ला आलं.

मला यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते सिक्युरिटीचं. पाथ ही नुसती स्ट्रिंग आहे, प्रत्येक कॉलला कर्नल ती परत पहिल्यापासून चालत जातो, आणि तुमचं चेकिंग नि फाइल बनवणं यांच्या मधल्या फटीत कोणी मधलं फोल्डर काढून तिथे सिमलिंक ठेवली तर तुमची फाइल तिसरीकडेच. एफडीचं तसं नाही, वरच्या फोल्डरचं नाव बदललं, ते दुसरीकडे हलवलं, तरी तो त्याच डिरेक्टरीला धरून असतो.

पण ओपनॲट म्हणजे कुंपण नाही हं, हे पोरांना मी परत परत सांगतो. नावात दोन टिंबं दिली की तो खुशाल वर जातो, स्लॅशने सुरू होणारा पाथ दिला तर एफडीकडे बघतही नाही, आणि ओ_नोफॉलो (सिमलिंकच्या मागे जाऊ नको) फक्त शेवटच्या नावापुरतं. युजरने दिलेलं नाव असेल तर सरळ ओपनॲट२ वापरा, रिझॉल्व्ह_बिनीथ (या डिरेक्टरीच्या बाहेर जाऊ नको) लावून. कर्नल ५.६ किंवा पुढचा लागतो.

मेकडिरॲटचं एक मला खटकतं, डिरेक्टरी बनवून देतं पण तिचा एफडी देत नाही, मग परत ओपनॲट मारावं लागतं आणि तेवढ्यात कोणीतरी ती बदलू शकतं. मी तिथे ओ_डिरेक्टरी (डिरेक्टरी असेल तरच उघड) आणि ओ_नोफॉलो दोन्ही लावतो, वर एफस्टॅटने, म्हणजे एफडीवरून माहिती देणाऱ्या कॉलने, मालक तपासतो, त्याशिवाय आत एकही फाइल बनवत नाही.