आमची वाटचाल : गिझरच्या कॉइलपासून हीट पंपापर्यंत

गोव्यात, फोंड्याला आमचं दुकान सुरू झालं ते रिपेअरिंगचं, म्हणजे गिझरची कॉइल बदल, पंख्याला कंडेन्सर टाक, चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली की माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर बांधतात त्या फळापानांच्या छताच्या, वर लायटिंग सोडून दे, असली कामं. फर्मागुडी काय, ताळगावचं पठार काय, सगळीकडे कॉलेजं नि हॉस्टेलं, त्यामुळे हळूहळू तिथली मेंटेनन्सची कामं यायला लागली आणि आता तर धंद्याचा मोठा भाग तोच आहे.

हॉस्टेलचं काम घरासारखं नाही हो. घरात लाईट चालू राहिली तर आई ओरडते, इथे बटण दाबणारा वेगळा आणि बिल भरणारा वेगळा. म्हणून "वीज वाचवा"चे स्टिकर लावून काही होत नाही, मुलांनी काही न करताच वीज कमी जळली पाहिजे, आम्ही कोटेशन करताना पहिला विचार हाच करतो.

लाईटचं सोपं. जुनी 40 वॅटची ट्यूब तांब्याच्या चोकसकट 50 च्या वर खाते, एलईडी बॅटन 20 वॅटमध्ये तेवढाच उजेड देते. सेन्सर मात्र आम्ही फक्त पॅसेज आणि बाथरूमला लावतो. खोलीत लावा म्हणून आग्रह होतो, पण हा सेन्सर हालचाल बघतो, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री पोरगं पुस्तकात डोकं घालून गप्प बसलेलं असतं, मग लाईट जाते, तो हात हलवतो, परत येते, परत जाते, शेवटी सेन्सरवर चिकटपट्टी!

पंख्यांत बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, घेतला तर 75 वॅटच्या जागी 30-35 वर काम भागतं, आणि हॉस्टेलात पंखा जवळजवळ दिवसभर फिरतो, पावसात तर त्याच्याखाली कपडे पण वाळतात. फक्त रिमोटवाला घेऊ नका. एका खोलीत दोन पंखे असले की एकाच रिमोटने दोन्ही फिरतात, एकाला थंडी वाजते, दुसऱ्याला घाम, आणि महिन्याभरात रिमोट गायब. भिंतीवरच्या रेग्युलेटरवर चालणारं मॉडेल मिळतं, तेच बघून घ्यायचं.

खरी गंमत गरम पाण्याची आहे. सकाळी सात ते नऊ सगळे गिझर एकदम चालू, 2 किलोवॅटचे 40 गिझर म्हणजे 80 किलोवॅट लोड, आणि पाणी पुरलं नाही की पोरं बादलीत रॉड सोडतात, आम्हाला सगळ्यात भीती त्याची. सोलर चांगला, पण जून ते सप्टेंबर ढगांत तो बसूनच असतो. म्हणून आता हीट पंप सुचवतो. तो हवेतली उष्णता ओढून पाण्यात घालतो, आणि आपली हवा बारा महिने उबदार नि दमट, त्याला ती मानवते. हजार लिटर पाणी 25 अंशांनी तापवायला गिझरला साधारण 29 युनिट लागतात, पंपाला दहाएक. शिवाय टाकी रात्रीच भरून ठेवता येते, सकाळची झुंबड मीटरवर येत नाही. पण दोना पावला साईडला समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने पंपाच्या कॉइलच्या जाळ्या कुजतात, तिथे कोटिंगवाली कॉइल मागायची, चार पैसे जास्त गेले तरी.

आणि कुठलंही नवीन सामान बसवायच्या आधी आम्ही अर्थिंग नि न्यूट्रल (परतीची वायर) तपासतो. न्यूट्रल ढिला असला तर सिंगल फेजच्या लाईनवर 300-400 व्होल्ट येऊ शकतात, मग एलईडीचे ड्रायव्हर, म्हणजे आतली सर्किटं, पटापट उडतात आणि शिव्या कंपनीला. मे महिन्यातल्या विजांसाठी डीबीत (मेन स्विचच्या बोर्डात) सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे अचानक वाढलेला व्होल्टेज अडवणारं यंत्र, पण लागतो. क्लायंटला हा खर्च दिसत नाही, म्हणून कोटेशनमधून पहिला तोच उडवतात. आम्ही तो काढायला तयार होत नाही, त्यापायी एक-दोन कामं गेली पण.

काम सुट्टीतच करावं लागतं. चवथीला हॉस्टेल रिकामं असतं खरं, पण तेव्हा आमची पोरं पण गावाला, त्यांना थांब म्हणायची माझी छाती नाही. म्हणून सगळी मारामारी मे महिन्यात, उकाड्यात, पाऊस यायच्या आत.

सध्या एके ठिकाणी वरच्या मजल्याला एसी पाहिजेत म्हणून मागे लागलेत. आम्ही सांगितलं, बाब, आधी स्लॅबवर पत्रे मारा, नाहीतरी गळतीसाठी मारणारच आहात, स्लॅब सावलीत आला की खोल्यांचा उकाडा किती उतरतो ते बघू आणि मग एसी किती टनाचे घ्यायचे ते ठरवू. मीटिंग पुढच्या आठवड्यात आहे.