ढाळ गेलेली पन्हळ

"मिस्त्री, पन्हळीला लांबी भरा आणि वरून सिल्व्हर मारा. गणपतीपर्यंत टिकलं की बस," एका काकूंच्या मुलाने मुंबईहून फोनवर सांगितलं. लांबी म्हणजे पत्र्याची भोकं बुजवायची पुटी, सिल्व्हर म्हणजे चंदेरी रंग. मी संगमेश्वर तालुक्यात पत्र्याची कामं करतो, मे महिन्यात असे फोन येतच असतात. पण 2025 च्या मेमधलं हे काम अजून डोक्यातून जात नाही.

घर जांभ्याचं, कौलारू, पडवीच्या वळचणीला जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पत्र्याची पन्हळ. खालून चकचकीत. शिडीवर चढून टोच्याने टोचलं तर लांबीची ढेपच हातात आली, पाठीला गंजाचा थर घेऊन. आधीच्या माणसाने गंज न काढताच ती थापली होती. लांबी धरते ती स्वच्छ पत्र्याला. गंज सुटला की तीही सुटते. शिवाय जस्तावर थेट ऑइल पेंट ओढलेला. जस्त आणि रंगातलं तेल मिळून मध्ये साबणासारखा थर धरतो आणि रंगाचे पापुद्रे निघतात. पैसे घेऊन असं झाकून जाणाऱ्यांची मला चीड येते.

वायर ब्रश आणि पॉलिश पेपरने लोखंड चमकेपर्यंत घासलं. बारीक छिद्रांना मागून फायबर मॅट आणि रेझिन, वरून लांबी. मेच्या उन्हात पत्रा एवढा तापतो की लांबी घट्ट करणारा हार्डनर जरा जास्त पडला तर ती लावायच्या पत्रीवरच दगड होते. म्हणून उजाडल्याबरोबर, थोडी थोडीच कालवायची. आणि घासलेला पत्रा रात्रभर उघडा ठेवायचा नाही. आमच्या दमट हवेत सकाळपर्यंत त्यावर पुन्हा तांबूस झाक येते. म्हणून त्याच दिवशी उघड्या लोखंडाला रेड ऑक्साइड, जस्त शाबूत होतं तिथे वॉश प्रायमर, म्हणजे जस्तावर रंग धरवणारा अस्तर.

पण सगळा गंज मधोमधच का? ढाळ बघायला लाईनदोरी बांधली. पन्हळ धरणारा मधला हुक वाकून पन्हळीला पोट आलं होतं. दहा फुटाला निदान अर्धा इंच ढाळ हवा, इथे पाणी उलटं मधेच साचत होतं आणि फणसाची पानं त्यात कुजत होती.

मुलगा फोनवर म्हणाला, "हुकांचं काम मी सांगितलेलं नाही."

काकू खालूनच बोलल्या, "अरे, भिंत माझी भिजते, त्याची नाही. तू कर."

हुक बदलले. मधला दोनेक फुटांचा भाग बोटाने दाबला तरी आत जात होता. तिथे लांबी भरायला मी साफ नकार दिला. तेवढा कापून नवा तुकडा रिव्हेट मारून बसवला, सांध्याला सीलंट, आतून काळा बिट्युमिनचा रंग. मी अख्खी पन्हळच बदलायला सांगत होतो, पण मुलगा तयार नव्हता.

त्या वर्षी पाऊस मे संपायच्या आतच कोसळला. सांधा गळला नाही, पाणी सरळ टोकाला जात होतं. पण तुकड्याच्या दोन्ही बाजूंचा जुना पत्रा पातळच आहे, आणि पुढे फुटेल तो तिथेच. काकूंना ते शिडीवरूनच सांगितलं होतं. मुलाला नव्या पन्हळीचा अंदाज पाठवला आहे, दर दोन फुटांवर हुक धरून. अजून उत्तर नाही.